उंबऱ्याच्या आतले राळे

“तुमच्या वहीत माझी हौसा कशानं मेली म्हणून लिवलंय, तेवढं वाचून दावा बाई,” असं म्हणून सोनाबाई माझ्या टेबलापुढे जमिनीवरच बसली. बाक रिकामा होता. पण ज्याला काही मागायचं असतं तो बाकावर बसत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी मनात टिपून ठेवलं होतं.

गोठणवाडीचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत मी, नर्स कुमुद भोसेकर, आणि दुसरीत वजनकाटा. दर शनिवारी तालुक्याहून डॉक्टर येत. बाकी दिवस मीच डॉक्टर, मीच कारकून. सोनाबाईच्या मागे चार वर्षांची कमळ उभी होती, हौसाची मुलगी. ती वजनकाट्यावर चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती.

“पंचायतीत तर ‘बाळंतपणात, बाळासह’ असं लिहिलंय,” मी म्हटलं.

“तिथंच तर घात झाला. बाळंतीण मेली की हडळ झालीच म्हणत्यात लोक. आता जावई रगात थुकतोय, हौसाची धाकटी जाऊ रगात थुकतीया. म्हादू देवरशी म्हणतो, हौसा येती नि पिऊन जाती. पोरीच्या वढीनं येती म्हनं.” तिनं कमळीकडे न बघता तिला खाली ओढलं. “म्हणून पोरीला माझ्या दारात आणून टाकलंय. येत्या सोमवारी अवस. त्या दिशी चाळक्यांच्या उंबऱ्यावर नारळ फोडून पोरीचं नातं तोडणार. एकदा नारळ फुटला की हिला बाप न्हाई, घर न्हाई. जल्मभर हडळीची लेक.”

मी कपाटातून वही काढली. हौसा सर्जेराव चाळके, वय चोवीस, सातवा महिना, खोकला, ताप, वजन घटतंय. आषाढात मी तिची थुंकी तपासायला पाठवली होती. निकाल आला तो तिच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी. क्षय. माझ्याच अक्षरात, लाल शाईत.

“टीबी होता मावशी,” मी म्हटलं. “हडळ-बिडळ काही नाही.”

“मग हे तिथं येऊन सांगा. माझं कोण ऐकतंय? मी हौसाची आई. तुमी सरकारी बाई. वहीसुद्धा आणा.”

“येते. सगळ्यांदेखत वाचून दाखवते.”

“शबूद?”

“शब्द.”

ती उठली तेव्हा मला वाटलं, किती सोपं काम. पुढच्या चार दिवसांत मी एका जागी दहा मिनिटं बसू शकले नाही.

त्याचं कारण साधं होतं. सर्जेराव आणि धाकटी सून नर्मदा या दोघांना मी महिन्यापूर्वीच गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू केली होती. त्या काळी हे औषध दीड वर्ष घ्यावं लागे. महिन्याभरात खोकला हटला, भूक लागली, आणि देवरशीनं सांगितलं की हडळीवर गोळी चालत नाही. आठवड्याभरापासून दोघांनी औषध बंद केलेलं. क्षयाचं अर्धं औषध म्हणजे अर्धी विझवलेली चूल. पुन्हा पेटली की कुणाच्या बापाला विझत नाही. नर्मदा एकोणीस वर्षांची होती. तिचा नवरा मिलिटरीत, काश्मीरला. त्याला ‘सर्व खुशाल’ अशी पत्रं मीच लिहून देत असे.

आणि हा म्हादू देवरशी! पावसाळ्यात गुडघे धरले की मागच्या दारानं येऊन माझ्याकडून गोळ्या न्यायचा. माझ्या वहीत त्याची नोंद ‘महादेव, शेतमजूर’ अशी होती. तसं लिहायला त्यानंच सांगितलं होतं.

शनिवारी डॉ. मणेरीकर आले. चहात बिस्किट बुडवत त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. “भोसेकर बाई, तुमची गोठणवाडी एकटी नाही. अमेरिकेत नव्वदेक वर्षांपूर्वी क्षयानं मेलेल्या एका तरुण मुलीचं प्रेत बाहेर काढलं. का, तर तिचा भाऊ खंगत होता. ती येऊन त्याचं रक्त पिते म्हणे. तिचं काळीज जाळून ती राख त्या भावाला पाजली.”

“मग?”

“मग काय, मेला तो दोन महिन्यांत. युरोपात खेडोपाडी हेच. तिकडे वाटेवर खसखस नाहीतर बाजरीसारखं बारीक धान्य टाकतात. रक्तपिशाच म्हणे एकेक दाणा मोजल्याशिवाय पुढे सरकत नाही.”

मी कप खाली ठेवला. “आमच्याकडे राळे टाकतात.”

“बघा! समुद्र ओलांडून कुणी कुणाला शिकवायला गेलं नव्हतं. एका घरात एकामागून एक माणूस वाळत जातो, ओठांवर रक्त दिसतं. जंतू कुणाला ठाऊक? मग पहिलं मेलेलं माणूस धरायचं.” ते उठले, हात धुतले आणि टॉवेल शोधता शोधता म्हणाले, “गंमत अशी, की आधी मेलं कोण हे सगळे विचारतात. आधी खोकलं कोण, हे कुणी विचारत नाही.”

त्यांची जीप गेली आणि ते वाक्य मात्र माझ्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिलं.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला मी चाळक्यांकडे गेले. सोमवारच्या आधी घर जरा चाचपून बघावं म्हणून. चौकटीच्या पायथ्याशी चार लोखंडी खिळे ठोकलेले. हौसाची सासू ठकूबाई सुपातले राळे चिमटीनं पसरत होती. राळे म्हणजे मोहरीएवढे पिवळे दाणे; एक सांडला तर सापडायचा नाही, असं धान्य.

“काकू, हे रोजचं?”

“रोजचं. मोजता मोजता उजाडतं. मग जाती.”

मला माणसांच्या बारीकसारीक चुका टिपायची खोड. ठकूबाई राळे उंबऱ्याच्या आतल्या बाजूला टाकत होती. तिथून एक ओळ माजघरातून थेट तिच्या नवऱ्याच्या, आबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलेली. बाहेरून येणाऱ्याला अडवायचं तर राळे बाहेर हवेत. म्हातारीची नजर गेली असेल, असं मी मनात धरलं आणि पुढे झाले.

आबा चाळके, हौसाचे सासरे, घोंगडीवर बसले होते. शेजारी पितळी पिकदाणी. गावात त्यांचा शब्द मोडत नसत.

“आबा, पोरांचं औषध बंद करू नका.”

“औषध क्षयाला. आमच्या घराण्यात क्षय न्हाई.” ते खोकले, बराच वेळ.

“हा खोकला?”

“तंबाखूचा. तीस वर्षांचा जोडीदार हाय.”

“एकदा तुमचीही थुंकी तपासू.”

“बाई,” ते अगदी गोड आवाजात म्हणाले, “माझी थुकी उचलून न्यायला सून हुती. ती गेली. आता तुमी नका तरास घेऊ.”

रविवारी सुट्टी. मी दवाखाना उघडला, कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या, आणि माझ्या आधीच्या नर्सच्या किरट्या अक्षरातून नऊ वर्षांची पानं उलटत बसले. दुपारी एका पानावर थांबले. ते पान मी दुमडून ठेवलं. तुम्हालाही ते लगेच दाखवत नाही. त्या घरातल्या कुणालाही मी ते दीड वर्ष दाखवलं नाही, तुम्हाला चार ओळी थांबायला काय होतंय?

सोमवारी सकाळी दहा वाजता चाळक्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, पन्नासेक माणसं. आबा मध्ये. भिंतीला टेकून सर्जेराव, दाढी वाढलेली. दाराआड नर्मदा, तोंडाला पदर. म्हादू देवरशी कपाळभर भंडारा लावून नारळ हातात घेऊन बसलेला. अंगणात, उन्हात, सोनाबाई आणि तिच्या कडेवर कमळ. त्यांना सोप्यात कुणी बोलावलं नव्हतं.

मी वही उघडली. “हौसाला टीबी होता. हा निकाल. सर्जेरावला आणि नर्मदाला तोच आजार आहे. तो औषधानं...”

“पुरे,” आबा म्हणाले.

“आबा, हे माझं नाही, सरकारी तपासणी आहे.”

“चाळक्यांच्या घरात टीबी हाय असं पंचक्रोशीत फिरलं, तर उद्या आमच्या पोराबाळांच्या सोयरिकी कोण जुळवणार? तुमची वही?” त्यांनी फळीवरचा माझ्या गोळ्यांचा डबा उचलला आणि माझ्या पायाशी ठेवला. “घिऊन जा. सर्जा, आजपासनं एकबी गोळी गिळलीस तर माझा तू न्हाईस.”

सर्जेरावानं मान खाली घातली. तीस वर्षांचा बाप्या, पण मान शाळेतल्या पोरासारखी खाली. दाराआडून नर्मदा खोकली, आणि पदर खाली घेतला तेव्हा त्यावर सुपारीएवढा लाल डाग होता. तो फक्त मला आणि ठकूबाईला दिसला.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. वही वाचत राहायची, शब्द पाळायचा आणि डबा घेऊन घरी जायचं. नाहीतर...

मी वही मिटली.

“बरं आबा,” मी म्हटलं. “हडळ तर हडळ. पण राळे चुकीचे टाकताय तुम्ही.”

म्हादू पुढे सरकला. “म्हणजी?”

“उंबऱ्यावरचे राळे ती एका रात्रीत मोजते. पण दाणा माणसाच्या पोटात असला, तर मोजणार कुठून?” मी डबा उघडला आणि पांढरी गोळी चिमटीत धरली. “हा दाणा. रोज एक मूठ, सकाळी, सगळ्यांदेखत. हे कार्ड, रोज एका घरात फुली. एक दिवस जरी चुकला, तरी तिची मोजणी पुरी झाली आणि ती आत आली. पाचशे चाळीस दिवस.”

“बाईला कळतं,” म्हादू देवरशी गंभीरपणे म्हणाला. माझ्या उभ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वांत लाजिरवाणं प्रशस्तिपत्र.

“आणि हे दोघंच नाही,” मी आबांकडे बघितलं. “घरात जो जो खोकतो, त्या त्या छातीतून ती आत शिरते. तंबाखूचा खोकला असला तरी.”

आबांचा जबडा हलला. पन्नास माणसं बघत होती. त्यांना टीबी नाकारता आला असता. हडळ नाकारायची तर सगळा सोपाच मोडला असता.

“आणा,” ते म्हणाले.

“आता नारळ कशाला?” मी घाईनं म्हादूला म्हटलं. “गोळीनं भागतंय.”

“ते येगळं, हे येगळं,” म्हादू म्हणाला, आणि नारळ उंबऱ्यावर आपटला. पाणी अंगणात सोनाबाईच्या पायापर्यंत आलं.

तिनं माझ्याकडे एवढंच बघितलं, जसं आपण चुकीच्या घराच्या दारावरची पाटी बघतो. मग कमळीला दुसऱ्या कडेवर घेऊन निघून गेली. ओढ्यापलीकडे तिचं गाव, बेलसरे, मैलभरावर. मी तिच्यामागे अंगणाच्या गडग्यापर्यंत गेले आणि परत फिरले. इंजेक्शन द्यायचं होतं.

नंतरचं दीड वर्ष मी त्या घराचा पिच्छा सोडला नाही. नागपंचमीला, दिवाळीत, नर्मदाच्या नवऱ्याच्या रजेत. एकही फुली चुकली नाही. सरकारी खात्यात माझं नाव झालं. “तुमचे रुग्ण औषध सोडत नाहीत, युक्ती काय?” असं तालुक्याच्या सभेत विचारलं, तेव्हा मी “घरोघरी समुपदेशन” असं उत्तर दिलं. सर्जेरावचं वजन नऊ किलो वाढलं. नर्मदाला दिवस गेले.

बेलसऱ्याला मात्र मी पाय ठेवत नव्हते. लसीकरणाला तिथे मी शेजारच्या नर्सला पाठवायचे. तिच्याकडूनच कळलं: बेलसऱ्याची पोरं कमळीच्या वाटेवर चिमूटभर राळे टाकतात आणि “मोज! मोज!” म्हणून ओरडतात. खाली बघितलं की हडळीची लेक ठरली. म्हणून ती पोरगी मान वर करून चालते, आभाळाकडे बघत. दोनदा ठेच लागून पडली. हनुवटीला तीन टाके.

भाद्रपदात शेवटची फुली पडली. चार दिवसांनी गेले तेव्हा घरात ठकूबाई सोडून कुणी नव्हतं. आबा शेतावर, सर्जेराव आठवडी बाजारात, नर्मदा माहेरी. मी ठकूबाईपुढे कार्डं ठेवली. पाचशे चाळीस घरं, तीन माणसं.

“झालं म्हणायचं,” ती म्हणाली.

“झालं. आता एक पान बघा काकू.” मी पिशवीतून जुनी वही काढली, दुमडलेलं पान उघडलं. “तुम्हाला वाचता येत नाही, मी वाचते. ‘गणपत चाळके, वय एकावन्न. क्षय. तीन महिन्यांनंतर औषध सोडले.’ ही आबांची नोंद, दहा वर्षांपूर्वीची. हौसा या घरात आली सात वर्षांपूर्वी. येताना तिचं वजन बेचाळीस किलो होतं, फुप्फुसं कोरी. आबांची पिकदाणी रोज तीच धुवायची ना?”

ठकूबाईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. तेव्हा मला माझी दीड वर्षांपूर्वीची चूक कळली.

“तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं. “म्हणून राळे आत. आबांच्या दारापर्यंत.”

“भाईरनं कोण येणार बाई?” ती हळूच म्हणाली. “पिणारं आतच हुतं. ती आली तवा ज्वारीच्या कणसागत हुती. माझ्या डोळ्यांदेखत दाणं झडलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“नवऱ्याला? या सोप्यात?” ती पहिल्यांदाच हसली. “मेलेली बाई काय घरातनं हाकलून देत न्हाई. तिच्यावर घातलं की भागतं. तुमी तरी काय केलं?”

मी उठले, बसले, पुन्हा उठले. मग कमळीच्या हनुवटीचं सांगितलं. तीन टाके, मान वर, आभाळाकडे डोळे. ठकूबाईनं ऐकलं, चूल विझवली, पायांत वहाणा घातल्या.

“चला.”

“कुठे?”

“बेलसऱ्याला. वाटेत आबा भेटलं तर मी सांगीन काय ते.”

आबा भेटले नाहीत. ओढा ओलांडला तेव्हा शाळा सुटायची वेळ झाली होती. बेलसऱ्याच्या पिंपळापाशी पाच-सहा पोरं दबा धरून होती आणि वाटेवर राळे पडले होते. वरून कमळ येत होती, दप्तर छातीशी, नजर पिंपळाच्या शेंड्यावर.

“मोज! मोज!”

ठकूबाई वाटेच्या मधोमध मटकन खाली बसली. भर चिखलात, इरकली लुगड्यासकट. पोरं मागे सरली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. चाळक्यांची म्हातारी सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती.

“एक,” ती मोठ्यानं म्हणाली आणि दाणा उचलून पदरात टाकला. “दोन. तीन.”

“आत्याबाई, हे काय करता?” पारावरून कुणीतरी ओरडलं.

“मोजतीया. हडळ हाय न्हवं का मी, चाळक्यांच्या घरातली. सहा. सात.”

मीही बसले. काय करणार? माझ्या हातून मोजणं सोडून दुसरं काही आयुष्यात नीट झालेलं नाही. आम्ही दोघी ओल्या मातीतून पिवळे दाणे वेचत होतो. म्हातारीला विसापर्यंतच येत होतं. विसाला ती एक खडा बाजूला ठेवी आणि पुन्हा एकापासून सुरू करी. तीन खडे झाले आणि ती अडली.

“तीन इसा... तीन इसा म्हणजी किती वं बाई?”

“साठ,” डोक्यावरून आवाज आला. कमळ आमच्या जवळ येऊन उभी होती. नजर अजून पिंपळावर. “म्होरं एकसष्ट.”

ठकूबाईनं वर बघितलं. “तुला मोजता येतं?”

“रोज मोजती. वरची, पिंपळाची पानं. खाली न बघता.” तिनं ओठ चावले. “काल एकशे चार हुती.”

ठकूबाईचा हात मातीत तसाच राहिला. मग तिनं बाजूला सरून वाटेवर जागा केली. पोरगी बराच वेळ उभी राहिली. मग दप्तर ठेवलं, बसली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा भर रस्त्यात खाली बघितलं.

एकशे एकोणीस भरले. हा आकडा मी कुठेच लिहिला नाही. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी पाठ आहे.

गलका ऐकून सोनाबाई दारात आली होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. विहीणबाईच्या चिखलानं भरलेल्या लुगड्याकडे बघितलं, पदराच्या गाठीकडे बघितलं.

“पारावर समद्यांफुडं सांगितलं,” ठकूबाई म्हणाली. “आता घरी जाऊन आबांना सांगायचंय, पिणारं कोण हुतं ते. तवर हे कुठं टाकू?”

सोनाबाईनं हात पुढे केला. गाठ सोडून घेतली, दाणे तांब्यात दोनदा धुतले. आत चुलीवर वरीचा भात रटरटत होता. तिनं झाकण काढलं, ती चिमूट आधणात टाकली, आणि पळीनं एकदा खालीवर हलवलं.

“घ्या,” ती म्हणाली. “आता मोजा, कुणाला मोजायचंय त्यानं.”